मधली चार झाडं

टोमॅटोच्या करपा रोगाची बुरशी ओव्याच्या तेलानं मरते, हे प्रयोगशाळेत मीच दाखवून दिलं होतं. त्या तेलाची बाटली मोठ्या तोऱ्यात बाबांना पाठवली. फोनवर सांगितलं, “पाण्यात मिसळा, फवारा.” आज शेतात पाहते तर पहिल्या ओळी रोगानं काळवंडलेल्या, शेवटच्या ओळी तेलानं भाजलेल्या. पाठीवरच्या टाकीत तेल वर तरंगलं. आधी नुसतं पाणी फवारलं गेलं, शेवटी नुसतं तेल. आमच्या प्रयोगशाळेत मिश्रण यंत्रच घुसळतं. टाकी हलवत राहा, हे सांगायचं मला सुचलंच नाही. “माझंच चुकलं असणार,” प्लास्टरमधला हात सावरत बाबा म्हणाले. मधोमध मात्र चार झाडं हिरवीगार होती. “ही कशी वाचली?” मी विचारलं. “तिथे टाकीसकट गडगडलो. तेव्हाच हात मोडला.” “मग पुढच्या ओळी कोणी फवारल्या?” “मीच, दुसऱ्या हातानं. तू पाठवलेलं औषध वाया कसं घालवू?”