शेजारधर्म

“मॅडम, रशियाचा कॉम्प्युटर आचके देतोय,” लाइल म्हणाला.

कर्नल सॅडलर यांनी हातातला डोनट खाली ठेवला. “तू काय केलंस?”

“काही नाही. नुसता बघत होतो.”

“पकडलेला प्रत्येक चोर हेच म्हणतो.”

अमेरिकी लष्कराच्या ओमाहातल्या तळावर एका बंद खोलीत बसून लाइल ब्रँडव्होल्ड रशियाच्या क्षेपणास्त्र-इशारा यंत्रणेत चोरून डोकावत असे. कशालाही हात लावायचा नाही, एवढीच ताकीद होती. पण आज त्या यंत्रणेची साठवण तुडुंब भरली होती. संध्याकाळपर्यंत तिथले सगळे पडदे काळे होणार होते.

“होऊ देत की,” कर्नल म्हणाल्या.

“मग ते कारण शोधणार. आत माझ्या पाऊलखुणा सापडणार. त्यांना वाटणार, हल्ल्याआधी आपणच त्यांचे डोळे फोडले.”

“आणि?”

“दिसेनासं झालं की आधी हात चालवायचा, असं शिकवतात तिथे.”

“इथेही तेच शिकवतात,” कर्नल पुटपुटल्या. “फोन करून सांगू या.”

“काय सांगणार? तुमच्या घरात चोरून शिरलो होतो, तुमचा गॅस चालू राहिलाय?”

कर्नलची मुलगी याच गावात शाळेत शिकवत होती. शेवटी त्या म्हणाल्या, “दुरुस्त करून टाक.”

लाइलने न वाचलेले जुने अहवाल पुसायला घेतले. मध्येच थांबला. “कुणा अधिकाऱ्याचे मासेमारीचे फोटो आहेत. ढीगभर. पुसू?”

“मासा केवढा आहे?”

“मोठा आहे.”

“मग ठेव. तो माणूस ते शोधत येणार.”

दुपारपर्यंत यंत्रणा सुरळीत चालू लागली. पुढे ती सवयच पडली. लाइल अधूनमधून तिथे झाडलोट करून येई. रशियन नाताळात जरा जास्तच, कारण तेव्हा तिथे कोणी जागेवर नसे.

वर्षभराने वॉशिंग्टनहून जनरल ओक्स तपासणीला आले. स्वारी खूश होती. “आपली इशारा यंत्रणा तीन वर्षांत एकदाही अडली नाही. सांभाळणाऱ्यांना पदक द्यायचंय. नावं काढा.”

कर्नलनी देखभाल विभागाला फोन लावला. तिकडचं उत्तर ऐकून घेतलं. मग फोन अलगद ठेवून त्यांनी लाइलकडे पाहिलं.

“देखभालीची सगळी माणसं तीन वर्षांपूर्वीच कमी केलीत,” त्या म्हणाल्या. “तेव्हापासून आपल्या यंत्रणेला आपल्यापैकी कोणीही हात लावलेला नाही.”