सत्तावीस तासांचा दिवस

“दिवसाला सत्तावीस तास? हा फॉर्म काढून टाक,” म्हणत सरांनी लाल पेन उघडलं. एम.ए.च्या प्रबंधासाठी त्यांच्या विद्यार्थिनीने शंभर घरांतल्या बायकांच्या कामांचे तास नोंदवून आणले होते. “आकडा बरोबर आहे, सर. त्या बाई शिलाई करता करता धाकटीचा अभ्यास घेतात.” “दिवस चोवीस तासांचाच असतो. पुन्हा विचारून ये.” “विचारलं. उत्तर देतानाही त्या सासूबाईंना भरवत होत्या.” सरांचं पेन थांबलं. ती पुढे म्हणाली, “बी.ए.ला मी विचारलं होतं, घरकाम राष्ट्रीय उत्पन्नात का धरत नाहीत? तुम्ही म्हणालात, मोजता येत नाही. आता मोजून आणलं, तर खोडताय.” पट्टी घेऊन तिने फॉर्मवर नवा रकाना आखला: ‘त्याच वेळी आणखी काय?’ “प्रबंध द्यायला तीनच आठवडे उरलेत,” सर म्हणाले. “शंभर उंबरे पुन्हा झिजवशील?” “नव्याण्णव,” ती म्हणाली. “या बाईंचा दिवस मोजून झालाय.”