तिसावा दिवस

सुवर्णामावशींनी तूरडाळीचा डबा परातीत उपडा केला आणि बोटानं मधोमध रेघ ओढली. एक ढीग इकडे, एक तिकडे. मग हरभऱ्याची डाळ. मग पोहे. रेणू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघतच राहिली.

"मावशी, हे काय चाललंय?"

"वाटणी. निम्मं तुझं, निम्मं माझं. तू आधी बूट काढ बघू, बर्फाचं पाणी होतंय सगळीकडे."

रेणूच्या कपाळाला आठी पडली. बाबांना जाऊन आज तीस दिवस झाले होते. बाबांच्या दुसऱ्या लग्नाआधी झालेल्या करारात ठरल्याप्रमाणे अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावातलं हे घर आजपासून तिचं. दुपारी घर विकून देणारा रिअल्टर यायचा होता. गाडी चालवताना तिनं काय काय चांगली वाक्यं जुळवून ठेवली होती! 'मावशी, काही लागलं तर हक्कानं सांगा,' वगैरे. आणि ही बाई डाळ वाटत बसली होती. टोमणाच म्हणायचा हा, दुसरं काय?

करार रेणूनंच करून घेतला होता. आई गेल्यावर काही वर्षांनी बाबांनी, म्हणजे देवदत्तांनी, नाशिकच्या एका निवृत्त शिक्षिकेशी, म्हणजे सुवर्णामावशींशी, लग्न ठरवलं, तेव्हा रेणूनं थेट वकील गाठला. घर आईचं होतं. टाइल्स आईनं निवडलेल्या, अंगणातलं सफरचंदाचं झाड आईनं लावलेलं. उद्या बाबांचं काही झालं की हे सगळं एका परक्या बाईच्या घशात?

रेणू कॉलेजात इतिहास शिकवायची. जुन्या जर्मन सरदार घराण्यांतले लग्नाचे करार आणि नवऱ्यामागे बायकोला काय मिळायचं, हा तिचा विषय. त्यावर तिनं अख्खं पुस्तक लिहिलं होतं. तिकडच्या काही भागांत नवरा गेल्यावर विधवेला त्याच्या घरात तीस दिवस राहू देत. तिसाव्या दिवशी वारस दारात हजर. वकिलानं विचारलं, "वडिलांमागे त्यांना घरात राहायची मुदत किती ठेवायची?" तेव्हा रेणूच्या तोंडून तोच आकडा निघून गेला.

सुवर्णामावशींनी हसत सही केली होती. नाशिकचा फ्लॅट पुतण्याला देऊन टाकून त्या इकडे आल्या. आता त्या परत नाशिकलाच जातील, असं रेणूनं गृहीत धरलं होतं. विचारलं मात्र नव्हतं.

मावशींनी फ्रीझर उघडला. पुरणपोळ्या पाच निघाल्या. दोन इकडे, दोन तिकडे. पाचवी कडक झाली होती, तरी त्यांनी ती गुडघ्यावर दाबून मोडली. रेणूचा संयम सुटला.

"मावशी, प्लीज! सगळं तुम्हीच घ्या ना. मला काय करायचीय डाळ?"

"असं कसं? तुझ्याच पुस्तकात आहे की. तिसाव्या दिवशी घरात जे अन्न उरेल, त्यातलं निम्मं विधवेचं, निम्मं वारसाचं. मी माझ्या वाटणीपेक्षा जास्त कशाला नेऊ?"

होतं, पुस्तकात होतं ते. पण तिच्या डिपार्टमेंटमधल्या लोकांनीसुद्धा तिथवर पानं उलटली नव्हती.

"तुम्ही वाचलंत ते?"

"तुझ्या बाबांनी वाचून दाखवलं. रोज संध्याकाळी चहा झाला की दोन पानं. इंग्रजीत वाचायचे, मराठीत सांगायचे. अगं, काय कौतुक होतं त्यांना! 'बघ, माझ्या लेकीनं काय काय शोधून काढलंय!' प्रत्येक पानाला हेच."

रेणू खुर्चीवर बसली. बाबांनी पुस्तक हातात घेऊन नुसतं "छान" म्हटलं होतं आणि ते कपाटात ठेवून दिलं होतं. त्याचं तिला इतकी वर्षं वाईट वाटत होतं. आता मात्र तिला भडभडून आलं आणि तिनं डोळे पुसायचीही तसदी घेतली नाही. मावशींनी तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

"ते तीस दिवसांचं पान आलं, तेव्हा मात्र त्यांनी चष्मा काढला. पुढे वाचवेचना त्यांना. करार बदलतो म्हणाले. मीच नको म्हटलं. सही केली होती मी. आणि माझ्यापायी बापलेकीत वितुष्ट? छे, छे!"

त्यांनी आपल्या वाटणीच्या पिशव्यांना गाठी मारल्या. सावकाश, नीट. बाहेरच्या खोलीत त्यांच्या दोन बॅगा भरून तयार होत्या.

"उरलेलं पुस्तक मी एकटीनंच वाचलं. डिक्शनरी घेऊन बसायचे. एकही पान सोडलं नाही. शेवटच्या पानापर्यंत गेले."

"मावशी, आय ॲम सो सॉरी," रेणू कशीबशी म्हणाली.

"सॉरी कशाला? चांगलं लिहिलंयस. एक विचारू का पण? रागावणार नाहीस ना?"

रेणूनं मान हलवली. मावशींच्या चेहऱ्यावर टोमण्याचा मागमूसही नव्हता. आयुष्यभर मुलांना शिकवलेली ती बाई, अडलेला धडा घेऊन आल्यासारखी तिच्यासमोर उभी होती.

"एकतिसाव्या दिवशी त्या बायका कुठे जायच्या गं? मी खूप शोधलं. ते तू कुठेच लिहिलं नाहीयेस."