जिन्यावरनं पडली

मांजराचा सुळा अर्ध्यात तुटला होता. भूल देऊन त्याचं मूळ काढल्यावर डॉक्टरबाईंनी विचारलं, “हे झालं कसं?”

रेश्मा काही बोलायच्या आत तिचा नवरा अजिनाथ म्हणाला, “जिन्यावरनं पडली की.”

“जिन्यावरून पडलं तरी मांजर पायांवर उतरतं. हिचा जबडासुद्धा सुजलाय. हिला कुणीतरी लाथ घातलीय. खरं सांगा, नाहीतर मी पोलिसांना कळवते.”

“शेजारची पोरं लई वांड हायती,” असं काहीतरी पुटपुटत अजिनाथ औषधं आणायला म्हणून बाहेर सटकला.

रेश्मा तोंडाला पदर लावून मांजराकडे बघत होती. दोन वर्षांत त्याच जिन्यावरून ती स्वतःही तीनदा पडली होती. नवी पेठेतल्या दातांच्या डॉक्टरांनी तिन्ही वेळा अजिनाथलाच विचारलं, मान डोलावली आणि शेवटी तिच्या पुढच्या दोन दातांवर छान कॅप बसवून दिली.

दार लागल्याची खात्री करून तिनं पदर खाली घेतला.

“मॅडम, तुमी मानसांचे दात बगत न्हाय व्हय?”