जेठाने खोदलेली टाकी

"झाकण कुठं आहे ते दाखवा, मग मी पाईप टाकतो," संडासाची टाकी उपसायला आलेला टँकरवाला म्हणाला.

झिपरूने अंगणाकडे पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसते पेव्हर ब्लॉक. लेकीच्या, काजलच्या लग्नाचा मांडव तिथंच पडायचा होता, आणि घरातला संडास कालपासून तुंबलेला. टँकरवाल्याने थोडी वाट पाहिली. "सापडलं की बोलवा," म्हणून तो नंदुरबारच्या रस्त्याला लागला.

झाकण कुठं आहे ते सांगू शकेल असा माणूस एकच. झिपरूचा थोरला भाऊ मोतीलाल. टाकी त्यानेच खोदली होती, झिपरू मिरची घेऊन बाजाराला गेलेला असताना. तेव्हा काजल त्याच्या बायकोच्या, छबूबाईच्या पोटात होती, आणि भर पावसात चिखल तुडवत तिला शौचाला नाल्यापलीकडे जावं लागायचं. झिपरू परत आला आणि भडकला. घरात घाण आणली म्हणाला. आणखीही बरंच म्हणाला. मोतीलाल एकटा जीव. पिशवी उचलून तोरणमाळला निघून गेला. तिथं पर्यटकांसाठी बांधलेल्या खोल्यांच्या संडासटाक्या सांभाळू लागला. इकडे पुन्हा पाऊल टाकलं नाही. झिपरू मात्र पुढच्याच आठवड्यापासून रोज पहाटे सगळ्यांच्या आधी त्या संडासात जाऊन बसायला लागला.

छबूबाईला जेठाचे, या थोरल्या दिराचे, उपकार कधी बोलून दाखवता आले नाहीत. जेठाशी बोलायचं नाही, तो समोर आला की पदर हनुवटीपर्यंत ओढायचा, ही घराची रीत. लग्नाची पत्रिका तरी देऊन या म्हणून तिने नवऱ्याला किती विनवलं. "त्याले येनं व्हई ते येई," हे एकच उत्तर. मोठ्या बापाशिवाय, सख्ख्या थोरल्या काकाशिवाय पोरीला हळद लागणार, या विचाराने तिला जेवण गोड लागेना.

"तूच फोन कर त्याले," झिपरू आता म्हणाला.

"त्या मन्हा जेठ शेतस. मी कशी बोलू?"

झिपरूने स्वतःच फोन उचलला. रीत त्याच्याच घरची. त्याने नंबर लावला. "दादा, टाकी..." एवढंच म्हणाला.

"निंघनू," पलीकडून आलं.

दुपार कलली तेव्हा मोतीलाल घाट उतरून आला. केस पार पांढरे झालेले. सरळ अंगणातल्या नळाजवळ गेला, पहारीने चार ब्लॉक उचकटले, माती बाजूला केली आणि झाकण उचललं. झिपरू नाकाला रुमाल लावून लांब ओट्यावर उभा.

मोतीलालने आत वाकून पाहिलं. टाकीत वर हातभर जागा रिकामी होती. तुंबायला काही कारणच नव्हतं.

त्याने संडासाकडून येणाऱ्या पाईपात लवचीक सळई घातली, फिरवली, ओढली. सळईला अडकून एक बोचकं आलं. जुन्या लुगड्याचा तुकडा, घट्ट गुंडाळलेला, वरून सुतळीने बांधलेला. अशी गाठ आपोआप पडत नाही.

त्याने मान वर केली. स्वयंपाकघराच्या दारात छबूबाई उभी होती. पदर हनुवटीपर्यंत. त्या पदराखालून दोन हात बाहेर आले आणि जुळले.

बोचकं कशाने माखलं होतं ते सांगायला नको. मोतीलालने ते आपल्या स्वच्छ पिशवीत टाकलं आणि वर टॉवेल ठेवला.

"काय निंघनं, दादा?" झिपरूने ओट्यावरूनच विचारलं.

"पाईप खराब व्हयेल शे. काम मोठं शे," मोतीलाल म्हणाला. "पोरनं लगीन व्हई जाई, तवलोंग माले थांबनं पडी."