पहिला नंबर

मृणालीच्या हळदीत डीजे एवढा दणदणत होता, की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नव्हतं. दापोड्याच्या ट्रकमालकांना तेच हवं असायचं. हळद कुणाच्याही घरची असो, मांडवामागे त्यांच्या खुर्च्या लागत आणि पुढच्या हंगामाचं ट्रकभाडं ठरे. ठरलेल्या भाड्याखाली कुणी गाडी लावायची नाही. तोंडाने दर सांगायचा नाही, बोटं दाखवायची. मनोजने मात्र कधी बोटही वर केलं नव्हतं. बाप गेल्यापासून केसरीनाथकाकाच हात वर करायचा आणि तो दोघांचा धरला जायचा.

यंदा कुणीच हात वर केला नाही. संगनमताने भाडं ठरवतात म्हणून दिल्लीच्या स्पर्धा आयोगाने चौकशी लावली होती. दंड बसला तर मनोजच्या साऱ्या गाड्या विकाव्या लागणार होत्या.

मृणाली काकाचीच पोर, पण तिच्या हळदीतही त्याचं तोंड उतरलेलं होतं. त्याने मनोजला बाजूला घेतलं.

"तू गप ऱ्हा. कोनी काय बी इचारला तरी तोंड उघडू नको. तुला काय व्हनार न्हाय."

मनोजने मान डोलावली. म्हातारा मला गप बसवून स्वतः पुढे पळणार, हे त्याने तिथेच ओळखलं. कारण ठाण्याच्या रवींद्र वकिलांनी त्याला सगळं समजावलं होतं. जो आयोगाकडे पहिला जाऊन कबूल करेल त्याला दंड पूर्ण माफ, दुसऱ्याला फार तर निम्मा. अट एकच. सामील असलेल्या प्रत्येकाचं नाव द्यायचं, एकही लपवायचं नाही.

"तुम्ही स्वतः कधी दर सांगितलात का?" वकिलांनी विचारलं होतं.

"काका सांगायचा. मी त्या दराने गाड्या लावायचो."

"मग अजून एकदा विचार करा."

मनोजने विचार केला नाही. हळदीचं मटण पोटात होतं तोवरच, दुसऱ्या दिवशी सकाळी, टायर बघायला जातो असं बायकोला, दिपालीला सांगून त्याने ठाण्याला वकिलांचं ऑफिस गाठलं आणि त्यांच्यामार्फत आयोगाला सगळी नावं दिली. काकाचं पहिलं.

काही दिवसांनी वकिलांचा फोन आला. मनोजचा नंबर दुसरा लागला होता. आधीच कुणीतरी जाऊन आलं होतं.

कोण, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याने काकाच्या घरी पाऊल टाकणं सोडलं. काकाने सगळ्यांना विकलं, असं तो दापोडेभर सांगत सुटला. स्वतःही गेलो होतो, एवढं सांगायचं तेवढं राहून गेलं. पुढच्या हळदींत काकाच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. म्हाताऱ्याने कधी खुलासा केला नाही.

दीड वर्षाने निकाल लागला. वकिलांचा आवाज फोनवर जरा वेगळा वाटला.

"पहिल्याची माफी रद्द झाली. तुम्ही वर सरकलात. तुमचा दंड पूर्ण माफ."

"पहिला काकाच ना?"

"हो. निकालात तसं लिहिलंय."

मनोजला हसू आवरेना. त्याने दिपालीला पेढे आणायला सांगितले. मग फोन पुन्हा कानाला लावला.

"माफी का रद्द केली पण?"

"त्यांनी एक नाव लपवलं होतं. तुमच्या जबाबामुळे ते उघड झालं."

"कोणाला वाचवत होता म्हातारा?"



"तुम्हाला."