आतून उघडणारं दार

"मला आत जाऊ द्या. दार लावा, बाहेरून कडी घाला आणि मी हाक मारली तरी उघडू नका," ती म्हणाली.

तपासावरच्या पोलीस अधिकाऱ्याने शीतगृहाच्या मालकाकडे पाहिलं, मग तिच्या दिराकडे. दोघेही जमिनीकडे बघत होते.

ह्याच खोलीत तिच्या नवऱ्याचा जीव गेला होता. इथली कोठारं त्याच्या ताब्यात असायची. गोठवलेल्या मटारांची खोली संध्याकाळी बंद झाली आणि सकाळी उघडली, तेव्हा तो मागच्या भिंतीला पाठ टेकून बसलेला होता. बंद केली होती त्याच्याच धाकट्या भावाने. आत कुणी नाही असं समजून बंद केली, एवढंच तो पहिल्या दिवसापासून सांगत होता. पण घराच्या वाटणीवरून दोघा भावांचं फाटलेलं, आणि अशा वेळी लोकांच्या जिभेला हाड कुठे असतं? दीर रस्त्याने निघाला की बोलणी थांबत. तिनेही त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

अधिकारी घाई करणारा नव्हता. उगाच साप साप म्हणून भुई धोपटायची नाही, असं तो आल्या आल्याच म्हणाला होता. त्याने एकेक गोष्ट तिच्यापुढे मांडली. डॉक्टरांच्या मते हृदय धडधाकट होतं. अंगावर जखम नव्हती, डोक्याला मार नव्हता. मदतीची घंटा भिंतीवर होती आणि ती वाजत होती. कडी बाहेरून घातली असली, तरी आतला दट्ट्या ढकलला की ती सुटायची.

"अडकलेला माणूस दारापाशी सापडतो, बाई," तो खालच्या आवाजात म्हणाला. "दार बडवतो, नखं लावतो. ह्यांच्या हातावर साधा ओरखडा नाही."

मग दाराच्या रबराला बर्फ धरतो त्याचं काय, असं तिने विचारलं. नवऱ्याने घरी कितीदा तरी सांगितलं होतं, की एखाद्या दिवशी दार असं चिकटतं की दोन माणसांना हलत नाही. मालक लगेच दाराची तारीफ करायला लागला, जणू दारच विकायला काढलंय. त्या रात्री माल घेऊन गाडी यायची होती, म्हणून वाट बघू नकोस असं नवरा तिला सांगून गेला होता. अशी कुठली गाडी यायचीच नव्हती, असंही हाच मालक म्हणत होता. स्वतःची कातडी वाचवायला माणूस काय वाटेल ते बोलतो, असं म्हणून तिने ते तेव्हाच उडवून लावलं होतं.

त्या सकाळपासून खोलीला पोलिसांचं सील होतं. यंत्र चालूच होतं, रबरावरचा बर्फ तसाच होता. दार अडलं, तर मालकाचा दोष. कडी सुटली नाही, तर दिराचा. तिला दोन्हीपैकी काहीही चाललं असतं.

दिराने आपला जाड कोट काढून पुढे केला. तिने तो घेतला नाही. ती आत शिरली, तसं अधिकाऱ्याच्या खुणेवर दिरानेच दार ओढून घेतलं. बाहेर कडी पडल्याचा आवाज झाला.

आत पंखे घरघरत होते. पहिल्याच श्वासाला छातीत सुऱ्या खुपसल्यासारखं झालं. ती दाराकडे वळली नाही. खोक्यांच्या रांगेतून सरळ मागे गेली. भिंतीपाशी पोलिसांनी खडूने केलेली खूण होती. ती तिथे, बरोबर त्या खुणेवर, भिंतीला पाठ लावून खाली बसली आणि तिने वर पाहिलं.

समोर दार होतं. मध्ये एकही खोकं नव्हतं. दिवा गेला तरी दिसावा, म्हणून दट्ट्याला चकाकणारा हिरवा रंग दिला होता. इथे बसलेल्या माणसाला दुसरं काही दिसणंच शक्य नव्हतं.

ती किती वेळ बसली कोण जाणे. बोटं बधिर व्हायला लागली, तेव्हा उठली. दाराशी आली. दट्ट्याकडे तिने आधी नुसतं पाहिलं, आणि मग ज्याला कुणाला हात जोडायचे त्याला मनातल्या मनात हात जोडले. अडू दे. एवढं एकदा अडू दे.

तिने तळवा टेकवला. जोर लावायचा बाकीच होता. कडी सुटली, आणि ते जाडजूड दार घरातल्या दारासारखं, कुरकुरसुद्धा न करता उघडलं.

बाहेर ऊन होतं. मालकाने सुटकेचा श्वास टाकला. दीर मटकन एका खोक्यावर बसला. इतक्या दिवसांचं त्याच्या मानेवरचं ओझं उतरलं होतं, पण वहिनीचा चेहरा बघून तो पुन्हा उठून उभा राहिला.

"बाई, आता घरी चला," अधिकारी म्हणाला.

तिच्या पापण्यांवर बारीक पांढरं साचलं होतं. ती त्याच्याकडे न बघता दिराकडे वळली.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुम्ही हळू लावलंत. परत लावा. ह्या वेळी जरा जोरात." आणि ती पुन्हा आत शिरली.